वस्तुपाठ : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शिकवताना आणि मुद्रितं तपासताना काही शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात. ‘वस्तुपाठ’ हा त्यांतला माझा सगळ्यात लाडका शब्द. अग्रलेखात तो असतो, निरोप समारंभाच्या भाषणात असतो, श्रद्धांजलीच्या लेखात तर हमखास असतो. पण नेमका अर्थ विचारला, की बरेच जण ‘आदर्श’ म्हणून मोकळे होतात. आदर्श त्याच्या जवळचा आहे, पण दोघांचं घर एक नाही. विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वस्तुपाठ म्हणजे नेमकं काय?

प्रत्यक्ष कृतीतून समोर ठेवलेलं असं उदाहरण, जे पाहून दुसऱ्याला तसंच वागता यावं किंवा तसंच काम करता यावं.

दोन वाक्यं बघा. ‘पंगत उठल्यावर आजोबांनी काही न बोलता सगळ्यांची ताटं उचलली, घरातल्या नातवंडांसाठी तो वस्तुपाठच होता.’ ‘एकही बिल स्वतः तपासल्याशिवाय त्यांनी पुढे पाठवलं नाही, कार्यालयीन शिस्तीचा त्यांनी वस्तुपाठ घालून दिला.’ दोन्ही ठिकाणी काहीतरी प्रत्यक्ष घडलं आहे आणि त्यापासून शिकणारं कोणीतरी आसपास आहे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी हा शब्द वापरू नये. नुसत्या चांगल्या विचाराला वस्तुपाठ म्हणत नाहीत. बंद खोलीत केलेल्या, कोणालाच न कळलेल्या चांगल्या कामालाही म्हणत नाहीत. ते काम थोर असेल, पण त्यातून कोणाचा पाठ झालेला नसतो.

हा शब्द कसा बनला? तो वस्तुपाठ की ते वस्तुपाठ?

तो वस्तुपाठ. ‘वस्तु’ आणि ‘पाठ’ हे दोन्ही संस्कृत शब्द. संस्कृतात ‘वस्तु’ नपुंसकलिंगी, मराठीत आल्यावर ती वस्तू झाली, स्त्रीलिंगी. समासाचं लिंग मात्र शेवटच्या पदावरून ठरतं, आणि इथे शेवटचं पद आहे ‘पाठ’, म्हणजे धडा. तो पुल्लिंगी.

इथेच पुष्कळांची गडबड होते, कारण मराठीत दोन ‘पाठ’ आहेत. धड्याचा पाठ ‘पठ्’ धातूपासून आलेला, त्याचं रूप पाठाचा, पाठाला. शरीराची पाठ ‘पृष्ठ’पासून आलेली, तिचं रूप पाठीचा, पाठीला. एका विद्यार्थिनीनं निबंधात ‘वस्तुपाठीचे महत्त्व’ असं लिहिलं होतं. तिला मी एवढंच विचारलं, की तुझी पाठ दुखते का? ती लगेच हसली आणि स्वतःच ‘वस्तुपाठाचे’ केलं.

अनेकवचनात शब्द बदलत नाही : एक वस्तुपाठ, अनेक वस्तुपाठ.

शाळेशी याचा काही संबंध आहे का?

फार जवळचा. हा शब्द मुळात वर्गातला.

योहान हाइनरिश पेस्टालोझी (1746–1827) या स्वित्झर्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञानं आग्रह धरला, की मुलाला आधी वस्तू दाखवा, ती हाताळू द्या, मग तिचं नाव आणि गुण सांगा. तोवरची बहुतेक शाळा घोकंपट्टीची होती. एकोणिसाव्या शतकात या पद्धतीतून एक तासिकाच तयार झाली. शिक्षकानं वर्गात काचेचा तुकडा आणायचा, मुलांनी तो हातात घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि आरपार दिसतं, गुळगुळीत आहे, फुटू शकतं हे स्वतः शोधून सांगायचं. अशा पाठाला इंग्रजीत जे नाव होतं, त्याचाच मराठी अवतार म्हणजे वस्तुपाठ : वस्तू समोर ठेवून दिलेला पाठ.

मी स्वतः तिसरीच्या वर्गावर हे करून पाहिलं आहे. ‘बी रुजते’ हे फळ्यावर लिहिलं तर मुलं ते वहीत उतरवतात आणि विसरतात. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी आदल्या दिवशी वर्गात टांगून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली, की अख्खा वर्ग टेबलाभोवती जमतो. मोड कुठून फुटला, सगळ्या दाण्यांना का फुटला नाही, हे प्रश्न मुलंच विचारतात. त्या दिवशी मी जवळजवळ काहीच बोललो नव्हतो. मला वस्तुपाठ या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा त्या पुरचुंडीनं जास्त समजावला.

आता तर हा शब्द वागणुकीबद्दल वापरतात. मग त्यातली वस्तू कुठे गेली?

हा मला आवडणारा प्रश्न आहे. वर्गातली वस्तू बाजूला झाली आणि तिच्या जागी कृती आली. मात्र अर्थाचा गाभा तोच राहिला : सांगू नका, दाखवा. आणि गंमत अशी, की आपल्याकडचे मोठे वस्तुपाठ आठवून पाहिले तर त्यांत एखादी साधी वस्तू बहुतेक वेळा सापडतेच.

जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. समतेवर व्याख्यान देणं आणि स्वतःच्या अंगणातला हौद उघडणं, यांत जे अंतर आहे तेच विचार आणि वस्तुपाठ यांत आहे. हौदावर पाणी भरायला कोण येतं हे सगळ्या आळीला दिसत होतं.

कोल्हापूरची गोष्ट तशीच. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचं चहाचं हॉटेल काढायला मदत केली. पण अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. वटहुकूम काढणं त्यांच्या हातात होतंच, ते त्यांनी इतर अनेक बाबतींत केलंही. इथे त्यांनी कपबशी उचलली. समतेचा वस्तुपाठ म्हणून मला कोणी एकच प्रसंग सांगायला लावला तर मी हा सांगेन.

धोंडो केशव कर्वे विधवाविवाहाच्या बाजूचे होते, तसे त्या काळी इतरही सुधारक होते. फरक असा, की पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी 1893 मध्ये स्वतः गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यासाठी मुरुड या आपल्या गावी त्यांनी बहिष्कार सोसला. व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या लग्नानं आणि त्या सोसण्यानं झालं.

गाडगेबाबा (1876–1956) गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात मनांतला कचरा काढायचा. त्यांच्यामागून गावकरीही झाडू लागत. राज्यात 2000 साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं गेलं.

शिरोड्याचा 1930 चा मिठाचा सत्याग्रह, त्याआधी दांडीच्या किनाऱ्यावर 6 एप्रिलला उचललेलं चिमूटभर मीठ, हेही वस्तुपाठच. मीठ ही वस्तू, आणि अन्यायी कायदा कसा मोडायचा हा पाठ.

‘आदर्श’ आणि ‘वस्तुपाठ’ यांत फरक काय?

संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे दर्पण. आपला रोजचा ‘आरसा’ प्राकृतातून झिजत आलेला तोच शब्द आहे. म्हणजे भिंतीवरचा आरसा आणि भाषणातला आदर्श सख्खे भाऊ. ज्याच्यात स्वतःला पाहावं आणि आपण कुठे कमी पडतो ते कळावं, तो आदर्श.

आदर्श दूर असू शकतो, मनात असू शकतो, कधीच न गाठता येणारा असू शकतो. रामराज्य हा आदर्श आहे, त्याला वस्तुपाठ म्हणता येणार नाही. वस्तुपाठ घडलेला असतो आणि पुन्हा घडवता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ‘आदर्श गाव’ म्हणतात, ते बरोबरच आहे. पण त्या गावानं पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, उपलब्ध पाण्यावरून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःच बंदी घातली, हा पाण्याच्या नियोजनाचा वस्तुपाठ आहे. आदर्श म्हटलं की आपण टाळ्या वाजवून घरी जातो. वस्तुपाठ म्हटलं की आपल्या गावचा पाऊस कोण मोजतो असा प्रश्न पडायला हवा.

व्याकरणातही एक फरक आहे. ‘आदर्श’ नाम आहे आणि विशेषणही : आदर्श गाव, आदर्श शिक्षक. ‘वस्तुपाठ’ फक्त नाम. ‘वस्तुपाठ शिक्षक’ असं म्हणता येत नाही.

आणि ‘कित्ता’? ‘कित्ता गिरवणे’ म्हणजेही तेच ना?

एकाच प्रसंगाच्या त्या दोन बाजू आहेत. कित्ता हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेनं आला. मूळ अर्थ तुकडा. सुंदर अक्षरात लिहिलेला नमुन्याचा तुकडा समोर ठेवायचा आणि मुलानं त्यावरून हात फिरवून अक्षर वळणदार करायचं, हा कित्ता. धूळपाटीवर, मग बोरूनं कागदावर, मोडीसुद्धा असंच गिरवून शिकत.

करणारा वस्तुपाठ घालून देतो, पाहणारा कित्ता गिरवतो. ‘आईनं काटकसरीचा वस्तुपाठ घालून दिला आणि लेकीनं तोच कित्ता गिरवला’ या वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले आहेत.

अजून एक लक्षात ठेवा. कित्ता बरा-वाईट पाहत नाही. ‘थोरल्यानं कॉलेज सोडलं, धाकट्यानंही तोच कित्ता गिरवला’ हे सहज चालतं. वस्तुपाठ एकटा आला तर तो चांगल्याचाच असतो. म्हणून ‘चोरट्यांनी जुनाच वस्तुपाठ गिरवला’ अशी वाक्यं मी बदलतो. तिथे कित्ताच हवा.

वाईट गोष्टीचा वस्तुपाठ असू शकत नाही का?

असू शकतो, पण तसं उघड सांगावं लागतं. ‘आपत्तीच्या वेळी प्रशासनानं काय करू नये याचा हा वस्तुपाठ होता’ हे वाक्य बरोबर आहे, कारण ‘काय करू नये’ हे शब्द वाचकाला वाट दाखवतात. इंग्रजीत याच अर्थाचा शब्द पुष्कळदा इशारा म्हणून वापरतात, म्हणून इंग्रजीतून बातमी मराठीत आणताना काही जण नुसतंच ‘ही दुर्घटना म्हणजे वस्तुपाठ आहे’ असं लिहून जातात. मराठी वाचक तिथे अडखळतो. अशा वेळी ‘धडा’ वापरावा : ‘या दुर्घटनेपासून आपण धडा घेतला पाहिजे.’

‘धडा’ही पाठच ना? मग ‘धडा शिकवला’ आणि ‘वस्तुपाठ घालून दिला’ एकच का नाही?

कारण मराठीनं ‘धडा शिकवणे’ला शिक्षेचा अर्थ दिला आहे. ‘सासऱ्यांनी जावयाला चांगलाच धडा शिकवला’ आणि ‘सासऱ्यांनी जावयासमोर वस्तुपाठ ठेवला’ ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात जावई गप्प झाला आहे, दुसऱ्यात तो शहाणा झाला आहे.

उदाहरण, दाखला, दृष्टांत हे शब्द कुठे वापरायचे?

‘उदाहरण’ सगळ्यांत मोकळा शब्द. गणिताचंही उदाहरण असतं आणि वागण्याचंही. कोणता शब्द घ्यावा हे सुचत नसेल तर खुशाल हाच घ्यावा, चूक होणार नाही.

‘दाखला’ हा पुरावा म्हणून पुढे करायचा असतो. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला कागदावर मिळतो. बोलण्यात आपण इतिहासाचे दाखले देतो. दाखला आपलं म्हणणं पटवण्यासाठी असतो, दुसऱ्यानं तसं वागावं अशी अपेक्षा त्यात नसते.

‘दृष्टांत’ची परंपरा मराठीत फार जुनी आहे. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केले, आणि त्या ग्रंथाच्या नावातही ‘पाठ’ आहे : दृष्टांतपाठ. हत्तीला चाचपडणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. कोणी पाय धरतो, कोणी कान, आणि जो तो आपल्या हाताला लागलं तोच हत्ती समजतो. ही गोष्ट घडली की नाही, याला महत्त्व नाही. अवघड तत्त्व समजलं की दृष्टांताचं काम झालं. वस्तुपाठ मात्र घडलेलाच हवा. कल्पित गोष्टीला वस्तुपाठ म्हणू नये. स्वप्नात देवाचा ‘दृष्टांत होतो’ तो अर्थ आणखी वेगळा.

नमुना, मासला, वानगी?

हे तिन्ही शब्द मालाच्या बाजूचे. ढिगातलं थोडं दाखवून ढीग कसा आहे ते सांगणारे.

बाजार समितीत पोत्यातलं मूठभर धान्य हातावर घेऊन बघतात, ती वानगी. त्यावरून ‘वानगीदाखल’. शितावरून भाताची परीक्षा करायची असते तेव्हा वानगी लागते. ‘मासला’ आणि ‘मासलेवाईक’ यांत थोडं हसू मिसळलेलं असतं : ‘त्यांच्या उत्तराचा हा एक मासला.’ गंभीर लेखात ते जपून वापरावेत.

‘नमुना’ फारसीतला, दाखवणे या अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे शेती असलेल्या घरांत पोरांनाही ठाऊक असतं. सरकारी कागदाचा ठरलेला साचा म्हणजे नमुना. ‘नमुनेदार’ म्हणजे उत्कृष्ट, आणि ‘काय नमुना आहे!’ म्हणजे त्याच्या अगदी उलट. एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या गौरवलेखात ‘ते सचोटीचा नमुना होते’ असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा. एका स्मरणिकेत हे वाक्य छापायला निघालं होतं, आदल्या रात्री मी ते ‘त्यांचे जीवन सचोटीचा वस्तुपाठ होते’ असं केलं. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता, शब्दानं मात्र दगा दिला असता.

परीक्षेच्या ‘मॉडेल आन्सर’ला वस्तुपाठ म्हणता येईल का?

नाही. त्याला नमुना उत्तर किंवा आदर्श उत्तर म्हणतात, तसंच नमुना प्रश्नपत्रिका. निवडणुकीतली आदर्श आचारसंहिताही तशीच, ती नियमांची यादी आहे. यादीत कृती नसते. एखाद्या उमेदवारानं ती अक्षरशः पाळून प्रचार केला, तर तो प्रचार वस्तुपाठ.

प्रात्यक्षिक म्हणजे वस्तुपाठ का?

प्रात्यक्षिक ठरवून, वेळ लावून दाखवतात. अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक, ठिबक सिंचनाचं प्रात्यक्षिक. आग खरी नसते, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. वस्तुपाठात प्रसंग खरा असतो, करणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. कर्व्यांनी लग्नाचं प्रात्यक्षिक दाखवलं नव्हतं.

मुळातल्या शालेय अर्थानं हे दोन शब्द जवळ होते, आज ते दूर गेले आहेत. डी.एड.च्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ, नमुना पाठ आणि पाठ टाचण या शब्दांत तो जुना ‘पाठ’ अजून जसाच्या तसा नांदतो.

‘पायंडा’ आणि ‘मापदंड’?

पायंडा पडतो किंवा पाडला जातो. एकदा कोणी केलं, मग इतर करत राहतात, त्यात बरं-वाईट दोन्ही येतं. ‘उशिरा सभा सुरू करण्याचा पायंडा पडला आहे’ असं आपण म्हणतो. मापदंड मोजायला असतो. त्याच्याशी तुलना होते, त्यापासून शिकणं होईलच असं नाही.

वस्तुपाठाबरोबर कोणतं क्रियापद वापरावं?

सर्वांत सहज ‘घालून देणे’. नियम घालून देतात, शिस्त घालून देतात, तसाच वस्तुपाठ घालून देतात. या ‘घालून’मध्ये पुढच्यासाठी वाट आखून ठेवण्याचा अर्थ आहे, म्हणून तो इथे इतका शोभतो. ‘वस्तुपाठ ठरणे’, ‘वस्तुपाठ असणे’, ‘समोर वस्तुपाठ ठेवणे’ हेही चांगलं. शिकणाऱ्याकडून म्हणायचं तर ‘वस्तुपाठ मिळाला’.

टाळावं ते असं. ‘वस्तुपाठ शिकवला’ : पाठात शिकवणं आलंच. ‘आदर्श वस्तुपाठ’ : वस्तुपाठात आदर्श आहेच. ‘वस्तुपाठाचे उदाहरण’ हे तर उदाहरणाचं उदाहरण झालं. ‘प्रत्यक्ष वस्तुपाठ’ मी कधी ठेवतो, कधी काढतो. वाक्याला ठोका हवा असेल तर चालवून घ्यावा.

कशाचा वस्तुपाठ हे षष्ठीनं सांगायचं : धैर्याचा, नियोजनाचा, संयमाचा. ‘धैर्यासाठीचा वस्तुपाठ’ असली लांबण नको.

माणसालाच वस्तुपाठ म्हणता येतं का? ‘त्या त्यागाचा वस्तुपाठ होत्या’?

लिहिलं जातं, आणि कोणी चूक म्हणून खोडेल असंही नाही. मला मात्र माणसाऐवजी त्याचं जीवन, त्याची कृती, तो प्रसंग यांना वस्तुपाठ म्हणणं जास्त पटतं. सावित्रीबाई फुले प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करत असताना त्यांना तोच रोग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचं निधन झालं. ‘सावित्रीबाई सेवेचा वस्तुपाठ होत्या’ यापेक्षा ‘प्लेगच्या दिवसांत त्यांनी जे केलं तो सेवेचा वस्तुपाठ आहे’ हे वाक्य वाचकाला त्या दिवसांपर्यंत नेतं. पहिल्या वाक्यात त्यांची मूर्ती दिसते, दुसऱ्यात त्या काम करताना दिसतात. श्रद्धांजली लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो : आधी काय केलं ते लिहा, मग वस्तुपाठ म्हणा. कृती सांगितली नाही तर तो शब्द नुसता हार होतो.

खेळ, संगीत, स्वयंपाक यांबद्दल वापरला तर?

जरूर वापरावा, तिथे तो छान खुलतो. जानेवारी 2004 मधली सचिन तेंडुलकरची सिडनीतली नाबाद 241 ची खेळी घ्या. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर तो बाद होत होता, म्हणून त्यानं आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला आणि दहा तासांहून अधिक काळ त्या मोहाला हात लावला नाही. ‘फलंदाजीचा वस्तुपाठ’ असं सरसकट म्हणण्यापेक्षा ‘संयमाचा वस्तुपाठ’ म्हटलं, की या खेळीचं मर्म सापडतं. षष्ठीचा शब्द जितका नेमका, तितका वस्तुपाठ खरा.

गाण्याची तालीम तर सगळी अशीच चालते. गुरू स्वर लावून दाखवतात, शिष्य मागून लावतो. आणि पुरणपोळी कोणी पुस्तकावरून शिकलं आहे का? ‘माझ्या हाताकडे बघ’ म्हणणारी आजी पुरण किती भरायचं ते वजनात सांगत नाही. तिला वस्तुपाठ हा शब्द ठाऊकही नसतो.

ही कल्पना इंग्रजी शिक्षणाबरोबरच आपल्याकडे आली का?

शब्दाचा शालेय अर्थ त्या काळातला, कल्पना मात्र फार जुनी. तुकोबांचा एक अभंग आहे, त्यात पंतोजी लहान मुलासाठी स्वतः हातात पाटी धरतात. पंतांना अक्षरं येत नाहीत म्हणून नव्हे, मुलाला यावीत म्हणून. पुढे आई येते, ती मुलाच्या चालीनं पाऊल टाकते. संतही तसेच, क्रिया स्वतः करून दाखवतात, असं तुकोबा म्हणतात. वस्तुपाठ या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे मिळालेली नाही, आणि तिच्यात तो शब्दच नाही. ‘आधी केले, मग सांगितले’ हे तर आपल्या रोजच्या बोलण्यातलंच.

लिहायचं कसं : वस्तुपाठ, वस्तूपाठ की वास्तुपाठ?

वस्तुपाठ. सुटा शब्द लिहिताना शेवटचा उकार दीर्घ : वस्तू. समासात पहिलं पद म्हणून आला की ऱ्हस्व : वस्तुपाठ, वस्तुस्थिती, वस्तुसंग्रहालय. गुरू आणि गुरुदक्षिणा, कवी आणि कविसंमेलन यांतही हाच नियम आहे. ‘वास्तुपाठ’ मात्र साफ चूक, कारण वास्तू म्हणजे इमारत. शब्द जोडूनच लिहावा, मधे जागा किंवा आडवी रेघ नको.

लहान मुलांसाठी किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी हा शब्द जड नाही का?

व्याख्या सांगितली तर जड आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका मराठी शाळेत रविवारी शिकवणाऱ्या मैत्रिणीनं मला हाच प्रश्न विचारला होता. मी तिला म्हटलं, शब्द सांगूच नकोस. वर्ग सुटल्यावर काही न बोलता खुर्च्या उचलून रचायला लाग. मुलं मदतीला आली की मगच सांग, आत्ता जे झालं त्याला मराठीत वस्तुपाठ म्हणतात. पुढच्या रविवारी मुलांनी तिच्याआधी खुर्च्या रचल्या, असं तिनं कळवलं.

स्वतःबद्दल वापरता येतो का? ‘मी प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ घालून दिला’?

व्याकरणाची हरकत नाही, पण वाक्य कानाला खटकतं. काय झालं ते आपण सांगावं. तो वस्तुपाठ होता की नाही, हे ज्यानं पाहिलं त्यानं म्हणावं. अर्जात, मुलाखतीत, स्वतःच्या परिचयात लिहायचं असेल तर ‘मी असं असं केलं’ एवढंच लिहा.